एकोणपन्नास नावांची मोट



पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या देवळाच्या सभामंडपात एक शेतकरी माझ्याजवळ येऊन टेकला. खाजनाच्या बांधाला भगदाड पडले होते आणि तो सकाळपासून घरोघर फिरून माणसे जमवत होता. वैतागून म्हणाला, "मास्तर, आमच्या एवढ्याशा बांधाला दहा घरची माणसे एका दिवशी मिळत नाहीत. मग ही बडी राष्ट्रे लढाईला पन्नास-पन्नास देश कसे हो गोळा करतात?" त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन त्याला वाटेला लावले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. वाटतो तेवढा तो भोळा नाही. आणि आपल्या घरातली पोरे आखातात कामाला, बोटींवर नोकरीला आहेत, तेव्हा तो आपल्याला परकाही नाही.

त्याच्या मनात २००३ सालची इराकवरची स्वारी होती. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांनी त्या वेळी 'राजीखुशीने आलेल्या राष्ट्रांची आघाडी' असा शब्द जगभर गाजवला होता. १८ मार्च २००३ रोजी त्यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी जाहीर केले की ३० देश उघडपणे आमच्याबरोबर आहेत आणि आणखी १५ देश आहेत, पण त्यांची नावे सांगता येत नाहीत. लग्नात आहेर करून "माझे नाव मात्र वहीत लिहू नका" म्हणणारा पाहुणा आपण क्वचितच पाहतो. इथे असे पंधरा निघाले! पुढे यादी वाढत ४९ नावांवर गेली. वर्तमानपत्रात ती यादी वाचली की छाती दडपावी. पण जरा बारकाईने पाहा. त्यात पलाऊ होते, मायक्रोनेशिया होते, मार्शल बेटे होती. प्रशांत महासागरातली ही चिमुकली बेटे, त्यांना स्वतःचे सैन्यच नाही. आइसलंडला सैन्य नाही. कोस्टा रिकाने तर १९४८ सालीच आपले सैन्य मोडून टाकले होते. प्रत्यक्ष स्वारीत उतरले कोण? अमेरिकेचे लाखाच्या वर शिपाई, ब्रिटनचे ४५ हजारांच्या आसपास, ऑस्ट्रेलियाचे दोन हजार आणि पोलंडचे सुमारे दोनशे. डेन्मार्कने एक युद्धनौका आणि एक पाणबुडी दिली. बाकीचे बहुतेक आशीर्वादाला उभे.

रापण ओढताना तुम्ही हे कधी चालवून घ्याल का? जाळे समुद्रात सोडले, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आल्या, की मग जो हात लावील त्याचा वाटा. कुणाचे जाळे, कुणाची होडी, कुणाचे नुसते हात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि वाटा त्याप्रमाणे पडतो. किनाऱ्यावर नुसता उभा राहिलेला माणूस "मी पण रापणीत होतो" म्हणाला तर तुम्ही त्याला हसाल. आंतरराष्ट्रीय राजकारणात मात्र अशा माणसाचे नाव पहिल्या पानावर छापतात, कारण तिथे मोजणी हातांची नसते, नावांची असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वादग्रस्त लढाईसाठी देश जमवणे फारसे अवघड नाही. पैसा, धाक आणि भीड या तीन गोष्टींनी पुष्कळ जण येतात. अवघड आहे ते त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवणे. कुठवर जायचे हे निघतानाच ठरलेले असेल आणि येणारा आपल्या घरच्यांना विचारून आलेला असेल, तरच तो टिकतो. हे पटण्यासाठी इराकच्या दोन लढाया शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, एक बापाची, एक मुलाची.

बापाची लढाई आधी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सद्दाम हुसेनने शेजारचे कुवेत गिळले. मी तेव्हा अध्यापक विद्यालयात शिकत होतो. आमच्या वाड्यावरचा एक जण कुवेतला होता. दीड महिना घरच्यांना त्याचा ठावठिकाणा नव्हता. मग एके दिवशी तो एका पिशवीनिशी दारात उभा राहिला. वाळवंटातून बसने जॉर्डनची राजधानी अम्मान, तिथून विमानाने मुंबई, असा तो आला होता. तशी एक लाखाहून अधिक भारतीय माणसे एअर इंडियाच्या विमानांनी त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान आणली गेली. बँकेतला पैसा, भांडीकुंडी, सगळे तिकडेच. परक्या देशांच्या भांडणात आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी त्या घरी जाऊन पाहायचे होते.

थोरल्या बुशनी तेव्हा मोट कशी बांधली ते पाहण्यासारखे आहे. तक्रार स्पष्ट होती. एका देशाने दुसऱ्याला गिळले होते आणि त्यावर वाद नव्हता. त्यांनी आधी युनोचे दार ठोठावले. परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर राजधान्यांमागून राजधान्या फिरले, कुणाकडे सैन्य मागितले, कुणाकडे पैसा, कुणाकडे फक्त गप्प बसण्याचे वचन. २९ नोव्हेंबर १९९० रोजी सुरक्षा समितीने ६७८ क्रमांकाचा ठराव केला. १५ जानेवारी १९९१ पर्यंत इराक निघाला नाही तर बळ वापरण्याची मोकळीक दिली. १२ मते बाजूने, क्यूबा आणि येमेन विरुद्ध, चीन तटस्थ.

म्हणजे सगळे धर्मकार्य म्हणून आले होते काय? छे! इजिप्तचे अमेरिकेकडे लष्करी सामानाचे सुमारे सात अब्ज डॉलरचे कर्ज होते, ते माफ झाले. सीरियाचे नाव वर्षानुवर्षे अमेरिकेच्या दहशतवादी देशांच्या यादीत होते. तोच सीरिया आता मित्र ठरला आणि लेबनॉनमध्ये त्याने जे केले त्याकडे काणाडोळा झाला. उलट येमेनचे हाल ऐका. येमेनने पहिल्यापासून या मोहिमेत शिरायला नकार दिला होता. सौदी अरेबियाने येमेनी मजुरांची खास सवलत काढून घेतली आणि सात-आठ लाख माणसे बायकापोरांसह सीमेपार परतली. सुरक्षा समितीत येमेनचा हात विरुद्ध वर गेला, तेव्हा तुमचे हे मत तुम्हाला फार महाग पडेल असे त्यांच्या प्रतिनिधीला तिथल्या तिथे ऐकवले गेले, आणि अमेरिकेची सुमारे सात कोटी डॉलरची मदत थांबली. आखातात राबणाऱ्या मुलाचा बाप असाल तर त्या सात-आठ लाखांचा विचार करा. सरकारने एक भूमिका घेतली आणि लाखो घरांची चूल विझली.

खर्चाचेही तसेच. ती लढाई सुमारे ६१ अब्ज डॉलरची झाली आणि त्यातले पन्नास अब्जांहून अधिक दुसऱ्यांनी भरले. सौदी, कुवेत, जर्मनी, जपान. एकट्या जपानने १३ अब्ज डॉलर दिले. लढाई संपल्यावर कुवेतने अमेरिकन वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात छापली, देशांची नावे घालून. त्यात जपान नव्हते! पैसे दिले पण माणूस दिला नाही, म्हणून नाव नाही. जपानी लोकांच्या मनाला ती गोष्ट इतकी लागली की पुढल्या इराकच्या वेळी त्यांनी माणसेच पाठवली. ती गंमत पुढे सांगतो.

तेव्हा पैसा आणि धाक दोन्ही लढायांत होते. फरक तिथे नाही. फरक आहे धरून ठेवण्यात. १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे सद्दामने इस्रायलवर क्षेपणास्त्रे सोडली. लढाईत नसलेल्या देशावर! डाव उघड होता. इस्रायल चिडून लढाईत उतरला की इजिप्त, सीरिया, सौदी यांना इस्रायलच्या खांद्याला खांदा लावून एका अरब देशाशी लढावे लागेल, आणि त्यांच्या घरची माणसे ते एक दिवसही सोसणार नाहीत. मोट तिथेच सुटली असती. इस्रायलचे पंतप्रधान शामीर हे काही मवाळ गृहस्थ नव्हते. तरी अमेरिकेने त्यांच्या रक्षणाला पॅट्रियट क्षेपणास्त्रे आणि ती चालवणारे शिपाई पाठवले, मनधरणी केली, आणि चाळीसच्या आसपास क्षेपणास्त्रे अंगावर घेऊनही इस्रायल बसून राहिला. लढाईत न उतरणाऱ्याने त्या आघाडीसाठी जेवढे केले तेवढे उतरलेल्यांतल्या पुष्कळांनी केले नसेल.

दुसरी गोष्ट थांबण्याची. इजिप्त आणि सीरिया यांनी बजावले होते की आम्ही कुवेतपुरते, इराकच्या हद्दीत आमचा शिपाई पाऊल टाकणार नाही. जमिनीवरची लढाई शंभर तास चालली आणि २८ फेब्रुवारी १९९१ रोजी बुशनी ती थांबवली. बगदादचा रस्ता मोकळा होता. पुढे गेलो असतो तर आघाडी फुटली असती, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की बाप शहाणा होता. मीही वर्गात बरीच वर्षे तसेच सांगत आलो. पण या शहाणपणाची किंमत कुणी मोजली तेही पाहिले पाहिजे. त्याच फेब्रुवारीत बुशनी इराकी जनतेला उद्देशून म्हटले होते की तुम्हीच आता गोष्टी हातात घ्या आणि सद्दामला खाली खेचा. मार्चमध्ये दक्षिणेत बसऱ्याकडचे शिया आणि उत्तरेतले कुर्द खरोखरच उठले. तहात इराकी सेनापतींना हेलिकॉप्टरे उडवण्याची मुभा मिळाली होती. तीच हेलिकॉप्टरे या माणसांवर आली. हजारोंनी माणसे मेली, दहा लाखांहून अधिक कुर्द डोंगरांतल्या थंडीत इराण-तुर्कस्तानच्या सीमेकडे पळाले. आघाडी शाबूत राहिली, पण ज्यांना उठा म्हणून सांगितले ते आघाडीच्या यादीत नव्हते. त्यांचे नाव कुठल्याच वहीत नव्हते.

आता मुलाची लढाई. बारा वर्षांनी धाकटे बुश उभे राहिले तेव्हा कुणी कुणाला गिळलेले नव्हते. इराककडे संहारक अस्त्रे आहेत, ती उद्या वापरली जातील, असा संशय होता. ८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा समितीने १४४१ क्रमांकाचा ठराव १५ विरुद्ध शून्य मतांनी केला. सीरियानेसुद्धा हात वर केला. असे एकमत पाहून मास्तराला संशय येतो. सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिले तर एक तर प्रश्न फार सोपा असतो, नाही तर त्याचे दोन अर्थ निघत असतात. इथे दोन अर्थ होते. अमेरिकेने वाचले, आता चुकला तर गंभीर परिणाम. फ्रान्स-रशियाने वाचले, परिणाम काय ते पुन्हा बसून ठरवू. कागद एक, सही सगळ्यांची, समजूत वेगळी. जमिनीच्या व्यवहारात असा कागद झाला की पुढे दोन पिढ्या कोर्टात जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना घरच्या विरोधापायी दुसरा, स्पष्ट ठराव हवा होता. त्यासाठी पंधरापैकी नऊ मते लागत. मग सगळ्यांचे डोळे सहा मधल्या देशांकडे लागले. अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको, पाकिस्तान. त्यातला अंगोला आपल्यासारखाच एके काळचा पोर्तुगालचा अंकित. या सहांची मनधरणी झाली, मदतीच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यांच्या प्रतिनिधींचे फोन चोरून ऐकण्याचा बेतही झाला. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्राने २ मार्च २००३ रोजी तसा अमेरिकी गुप्तखात्याचा कागदच छापला. ब्रिटनच्या खात्यातल्याच एका बाईने तो बाहेर दिला होता. तिच्यावर खटला भरला, आणि पुढल्या वर्षी सरकारने तो आपणहून सोडून दिला. इतके होऊनही नऊ मते जुळली नाहीत. दुसरा ठराव मतालाच टाकला नाही.

पण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा दिवस वाटतो तो १ मार्च २००३ चा, तुर्कस्तानच्या पार्लमेंटातला. अमेरिकेला उत्तरेकडून इराकमध्ये शिरायचे होते. त्यासाठी आपले ६२ हजार शिपाई तुर्कस्तानात उतरवायचे होते. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत आणि कर्जे देऊ केली होती. तुर्कस्तान म्हणजे नाटोतला जुना सोबती, त्या वेळी आर्थिक ओढगस्तीत. सरकारी पक्षाचे पार्लमेंटात भक्कम बहुमत. अमेरिकेने ते इतके गृहीत धरले होते की एका अख्ख्या डिव्हिजनचे रणगाडे आणि सामान भरलेल्या बोटी तुर्की किनाऱ्याजवळ नांगर टाकून बसल्या होत्या. बाहेर रस्त्यावर तुर्की लोकांचा लोंढा लढाईविरुद्ध घोषणा देत होता. आत मते मोजली: बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. म्हणजे ठराव पास ना? नाही! हजर सभासदांच्या निम्म्याहून जास्त मते हवीत असा तिथला नियम. हजर ५३३, म्हणून २६७ लागत. तीन मते कमी पडली.

तीन मते! त्या बोटी नांगर उचलून सुएझच्या कालव्यातून अरबस्तानाला वळसा घालून कुवेतकडे गेल्या. ती डिव्हिजन पोचेपर्यंत बगदाद पडण्याच्या बेतात होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य राज्याचा बेत एका देशातल्या खासदारांनी आपल्या घरच्यांकडे पाहून बदलायला लावला. आणि गंमत अशी की नाही म्हणणारा तुर्कस्तान पुढे बुडाला नाही, येमेनसारखा रस्त्यावरही आला नाही. हवाई हद्द वापरू देण्याचे थोड्याच दिवसांत कबूल करून त्याने मैत्री सांभाळली. ज्याचे नाही हे त्याच्या लोकांचे नाही असते, त्याला शिक्षा करणे जड जाते.

याच्या उलट अझोर बेटांवरची बैठक. पोर्तुगालच्या पश्चिमेला भर अटलांटिकमध्ये ही बेटे आहेत. तिथल्या टेर्सेरा बेटावर लाजेस नावाचा विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिका तो वापरते. १६ मार्च २००३ रोजी तिथे बुश, ब्लेअर आणि स्पेनचे पंतप्रधान अझ्नार जमले. यजमान पोर्तुगालचे पंतप्रधान बारोसो. चौथ्या दिवशी लढाई सुरू झाली.

लाजेसचे नाव आम्हा गोमंतकीयांना परके वाटू नये. त्या तळाच्या भिडेने अमेरिका पोर्तुगालला फारसे दुखवत नसे, आणि त्या भिडेचा चटका आपल्यालाही बसला आहे. १९५५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी गोवा म्हणजे पोर्तुगालचा प्रांत अशा थाटाची भाषा केली होती. पण डिसेंबर १९६१ मध्ये जेव्हा खरी वेळ आली तेव्हा सालाझारला काय मिळाले? इंग्लंडशी त्याच्या देशाची मैत्री १३७३ सालच्या तहापासूनची. त्याने तो तह पुढे केला. इंग्लंडने कॉमनवेल्थमधल्या भारताशी लढायला येत नाही म्हणून हात वर केले. नाटोच्या कराराची हद्द गोव्यापर्यंत पोचतच नव्हती. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताविरुद्ध ठराव आणला. त्याला सात मते पडली, चार विरुद्ध, आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. मते सात मिळाली, पण सालाझारच्या बाजूने लढायला शिपाई एकही आला नाही. मत देणारा आणि माणूस पाठवणारा यांत किती अंतर असते ते आमच्या वाडवडिलांनी आमच्याच भूमीत पाहिले आहे.

तोच पोर्तुगाल २००३ मध्ये यजमान झाला तरी घरी काय स्थिती होती? राष्ट्राध्यक्ष साम्पायो यांना ही लढाई मान्य नव्हती, सैन्य पाठवायला त्यांनी नकार दिला. मग पंतप्रधानांनी पळवाट काढली. सैन्याऐवजी रिपब्लिकन गार्ड म्हणून जे निमलष्करी पोलीस आहेत त्यांतले १२८ जण नोव्हेंबर २००३ मध्ये इराकमधल्या नासिरियाला गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये परत आले. बारोसो तोवर युरोपियन कमिशनचे अध्यक्ष झाले होते.

स्पेनचे त्याहून वाईट. तिथे दहातली नऊ माणसे लढाईच्या विरुद्ध होती, पाहण्यांमधून हे दिसत होते. अझ्नारनी तरीही तेराशे शिपाई पाठवले. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत बाँब फुटले, १९० हून अधिक माणसे गेली. तीन दिवसांनी निवडणूक होती. सरकारने आधी बोट दुसरीकडेच दाखवले, लोक खवळले, सरकार पडले. नवे पंतप्रधान सापातेरो यांनी महिन्याभरात सैन्य परत बोलावले. आता दोरीचा एक पीळ सुटला की काय होते ते बघा. होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिक यांचे शिपाई स्पेनच्याच हाताखाली होते. पाठोपाठ तेही निघाले. निकाराग्वाचे तर पैशांअभावी आधीच गेले होते. जुलैमध्ये फिलिपिन्सच्या एका ट्रक ड्रायव्हरला ओलीस धरले, तेव्हा त्या सरकारने आपले पन्नासेक माणसांचे पथक परत नेले. जगाने फिलिपिन्सला भेकड म्हटले. मी म्हणणार नाही. ज्या देशाची लाखो माणसे परदेशात राबून घरी पैसे पाठवतात, त्याला एका ड्रायव्हरचा जीव म्हणजे काय ते कळते. आपल्यालाही कळायला हवे.

जपानची गंमत सांगायची राहिली. १९९१ चा सल मनात ठेवून त्यांनी २००४ मध्ये सहाशेच्या आसपास शिपाई समावा गावी पाठवले. पण त्यांची घटना लढाईला मनाई करते. म्हणून हे शिपाई पाणी शुद्ध करत, शाळा दुरुस्त करत, आणि त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून भोवतालचा प्रदेश आधी डच आणि नंतर ऑस्ट्रेलियन शिपाई सांभाळत! मंगोलियानेही पावणेदोनशेच्या आसपास माणसे पाठवली होती. १२५८ साली हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद बेचिराख केले होते, त्यानंतर मंगोल शिपाई त्या भूमीत आले ते हे. इतिहास शिकवणाऱ्याला अशा वेळी फळ्याकडे तोंड करून हसावे लागते. पोलंडने मोठा वाटा उचलला, पण त्याच्या तुकड्यांच्या ने-आणीचा, मुक्कामाचा मोठा खर्च अमेरिकेने सोसला. १९९१ मध्ये दुसऱ्यांनी पैसे देऊन अमेरिकेला लढवले, या वेळी अमेरिकेने पैसे देऊन दुसऱ्यांना उभे केले. हिशोब असा उलटला की समजावे, रापण आतून विरली आहे.

आणि कोस्टा रिका! सैन्य नसलेल्या या देशातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने कोर्टात अर्ज केला की आमच्या देशाने शांततेचे व्रत घेतले आहे, तर लढाईच्या यादीत आमचे नाव कसे? सप्टेंबर २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारला सांगितले, अमेरिकेला कळवा, नाव काढा. आपले नाव काढून घ्यायला एका पोराने आपल्याच सरकारला भाग पाडले. या संपूर्ण यादीत मला तो एक मुलगा मोठा वाटतो.

ब्लेअर टिकले, पण कसे? १८ मार्च २००३ च्या मतदानात त्यांच्याच पक्षाचे १३९ खासदार विरुद्ध गेले होते. २०१६ मध्ये चिल्कट समितीचा अहवाल आला तेव्हा उघड झाले की लढाईच्या आठ महिने आधीच, जुलै २००२ मध्ये, त्यांनी बुशना लिहून दिले होते की काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे. जो पहिल्याच दिवशी असा शब्द देतो त्याला नंतर अटी घालता येत नाहीत. ब्रिटनचे १७९ शिपाई इराकमध्ये गेले. संहारक अस्त्रे सापडली नाहीत. एकेक करून देश निघून गेले, आणि १ जानेवारी २०१० रोजी त्या फौजेच्या नावातला 'बहुराष्ट्रीय' हा शब्दच काढून टाकला, कारण अमेरिकेखेरीज त्यात कुणी उरले नव्हते.

आपला देश या दोन्ही वेळी कुठे होता? १९९१ च्या जानेवारीत चंद्रशेखर सरकारने अमेरिकेच्या लष्करी विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्रा इथे तेल भरू दिले. पार्लमेंटाला विचारले नव्हते. बातमी फुटली, गदारोळ झाला, ज्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर ते सरकार उभे होते तिनेच डोळे वटारले आणि फेब्रुवारीत ते बंद करावे लागले. २००३ मध्ये निराळे घडले. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. इंग्रजीत कोणता शब्द घालावा, कडक की सौम्य, यावर सरकार आणि विरोधक अडले होते. शेवटी हिंदीतला 'निंदा' हा शब्द घेतला आणि दोघांचेही समाधान झाले. मराठीचा मास्तर म्हणून मला हा तोडगा फार आवडला. मग अमेरिकेने इराकच्या बंदोबस्तासाठी भारताकडे एक पुरी डिव्हिजन मागितली, सुमारे १७ हजार शिपाई. दिल्लीत काही जण हो म्हणण्याच्या बाजूचे होते. मोठ्या राष्ट्राची मर्जी, नव्या कामांची कंत्राटे, जगात मान, असे मुद्दे होते. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नाही म्हटले. युनोचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एवढेच सांगितले. ते सतरा हजार गेले असते तर त्यांत सातारा, कोल्हापूर, बेळगावकडची किती घरे असती याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

हे जुने झाले असे समजू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी बोटींवर हल्ले सुरू केले, तेव्हा डिसेंबरात अमेरिकेने पुन्हा एक आघाडी जाहीर केली. वीसहून अधिक देश आहेत म्हणाले, आणि पुन्हा काहींनी विनंती केली होती की आमचे नाव छापू नका. स्पेनचे नाव यादीत आले, तर स्पेनने सांगितले की आम्ही यात नाही. भारत त्या यादीत गेला नाही. आपल्या आरमाराने अरबी समुद्रात स्वतःच्या युद्धनौका स्वतःच्या हुकमाने उभ्या केल्या, आणि हल्ला झालेल्या परदेशी बोटींवरच्या खलाशांनाही सोडवले.

परवा तो बांधाचा शेतकरी पुन्हा भेटला. बांध झाला, सात घरची माणसे आली म्हणाला. त्याचा धाकटा मुलगा त्याच सुमाराला एका तेलाच्या बोटीवर चढला आहे. बोट कुठल्या देशाच्या निशाणाची, असे मी विचारले. त्याला ठाऊक नव्हते.